खर्जातला वाघ

वाघ रंगमंचावर येणार नव्हता, नुसता त्याचा आवाज येणार होता; आणि नेमका तोच आवाज हेमचंद्रला सापडत नव्हता.

अमरावतीतल्या त्याच्या घराची पुढची खोली सकाळपासून त्यासाठीच बंद होती. त्याचा मित्र गोपाळकृष्ण उसना टेपरेकॉर्डर मांडीवर सांभाळत अकोल्याहून पहिल्या मोटारीनं आला होता. दसऱ्यानंतर अकोल्यात त्याच्या मंडळाचं नाटक होतं. धारणीच्या रानातला डाकबंगला, आत अडकलेली माणसं, बाहेर वाघ. डरकाळी नको होती. वाघ जवळ येतोय हे पोटात कळलं पाहिजे, असं गोपाळकृष्णाचं म्हणणं.

आवाज काढायचा होता हेमचंद्रच्या धाकट्या बहिणीनं, सरोजिनीनं. ती विजेची गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवी. डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या बोटांना धातूच्या नख्या. जाड तारा तिनं इतक्या सैल उतरवल्या होत्या, की छेडल्यावर त्या डोळ्यांना हलताना दिसत.

वेळ थोडाच होता. आज खंडेनवमी. आई दुपारी वह्या-पुस्तकांबरोबर गिटारही पूजेला मांडणार, आणि एकदा कुंकू लागलं की दसरा होईपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही.

गिटारीची वायर हेमचंद्रनं घरच्या रेडिओत, ग्रामोफोन जोडायच्या भोकांत खोचली होती. पहिल्यांदा ऐकून गोपाळकृष्ण म्हणाला, "हा वाघ आहे का डास?"

हेमचंद्रनं रेडिओ पूर्ण मोठा केला. आवाज जाड झाला, पण सुपात खडे घोळावेत तसा. सूर कुठला ते कळेना. मोठा आवाज आणि जड आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला तेव्हा उमगलं. मग त्यानं रेडिओ थोडा कमी केला. टेपरेकॉर्डरचा माइक रेडिओच्या कर्ण्याच्या मध्यावरून काढून कडेला नेला. भिंतींवर रजया टांगल्या, कारण उघडी भिंत आवाज परत फेकते. प्रत्येक वेळी सूर भरत गेला. फक्त तळ येईना.

तळ कुठे अडतोय हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्या रेडिओच्या आतला पत्र्याचा सांगाडा घरातल्या विजेला थेट जोडलेला होता. ती वीज बाहेरच्या वायरीत उतरू नये म्हणून मध्ये छोटे कंडेन्सर होते. ते विजेला अडवत, पण खर्जाचे सूरही गिळत. दोघं आत चहाला गेली, तेव्हा हेमचंद्रनं ते काढले आणि वायरीला वायर जोडली. टेस्टर गिटारीच्या तारेला लावला. टेस्टर पेटला, म्हणजे तारेत वीज उतरली होती. प्लग उलटा करून लावला, तर टेस्टर विझला, पण कर्ण्यात घरघर सुरू झाली. त्यानं प्लग पुन्हा पहिल्यासारखा लावला.

"सरू, पाटावर बसून वाजव. पाय खाली टेकवू नको," ती आल्यावर तो म्हणाला.

"काहून?"

"पाय आपटले की माइकात येतं."

कोरडा पाट, कोरडे हात; काही होत नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं.

सरोजिनीनं जाड तार छेडली आणि कांडी हळूहळू खाली सरकवली. कपाटातल्या काचा थरथरल्या. गोपाळकृष्ण खुर्चीत ताठ झाला. "अरे बाप! आला हा." तेवढ्यात रस्त्यावर बोहारीण ओरडली आणि ते सगळं टेपवर गेलं.

"दादा, तारा चावून राहिल्या," सरोजिनी बोटं झाडत म्हणाली.

"नख्या घट्ट झाल्या असतील."

"मुंग्या आल्या हाताले."

"एकदाच, सरू. दाराशी येतो तेवढंच."

टेप पुन्हा फिरू लागली. सूर या खेपेला आणखी खालून आला. सावकाश आला, थांबला, पुन्हा निघाला. हाच तो.

आणि स्वयंपाकघराकडचं दार उघडलं.

त्यांची आई, अनसूयाबाई, ताम्हन घेऊन आत आल्या. नुकत्याच न्हालेल्या, अनवाणी. त्या दारापासून पाटापर्यंतची जमीन पूजेसाठी सकाळीच सारवलेली, अजून ओली. मुलांचं काम मोडायचं नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत. पाण्यात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवून त्या गिटारीवर वाकल्या.

हेमचंद्रनं ते ओले पाय पाहिले, ते ओलं बोट पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं. पण वाघ आत्ता दाराशी येत होता. एवढा सूर संपू दे, असं त्याच्या मनात आलं आणि तोंड मिटलं.

बोट तारेपासून इंचभर राहिलं. तेव्हा त्यानं रेडिओची वायर बोर्डातून उपटली.

रेडिओ एकदम मेला नाही. तापलेल्या काचनळ्यांत उरलेला सूर खोल खोल जात विझला. अनसूयाबाईंनी तारेवर कुंकू टेकवलं.

"हे काय रे? माह्या हातून पूजा होऊन राहिली आणि तू वायर उपटतो?"

"पाहा, दाराशी येऊन परतला!" गोपाळकृष्ण टाळी देत म्हणाला. "एकदा पुन्हा घेऊ. शेवट लांब पाहिजे."

"कुंकू लागलं. आता नाही," आई म्हणाली.

सरोजिनी सायन्सच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं हेमचंद्रच्या हातातली वायर पाहिली, आईचे पाय पाहिले, मग आपण बसलो तो पाट पाहिला.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली.

"पाट कोरडा होता, सरू."

"आणि आईचे पाय?"

"काय झालं रे?" अनसूयाबाईंनी विचारलं.

सरोजिनीनं एकेक नखी काढून भावाच्या तळहातावर ठेवली. त्याला ओल्या जमिनीवर बसवलं, गिटार त्याच्या मांडीवर दिली आणि वायर स्वतःकडे घेतली.

"एकदाच, आई. आता दादा वाजवणार आहे."

गोपाळकृष्ण हसला, त्याला ही भावंडांची थट्टा वाटली. सरोजिनीनं प्लग बोर्डाला नेऊन टेकवला आणि भावाकडे पाहत उभी राहिली.

"धर तारा, दादा."

हेमचंद्रनं दोन्ही हात तारांवरून उचलून घेतले.