नळीवरची माशी

सहापैकी पाच गोळ्या वाया गेल्या. सहावी लागली, तीही झाकणाच्या काठाला चाटून गेली.

जनवाड्याच्या पुढं जांभ्या दगडाची एक सोडून दिलेली खाण आहे. तिथं वीस पावलांवर तेलाच्या डब्याचं झाकण उभं केलं होतं, आणि समोर हातात बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर घेऊन बिराप्पा उभा होता. फौजेत अठरा वर्षं काढलेला, पलटणीत पिस्तुलाच्या नेमबाजीत दोनदा पहिला आलेला हवालदार. वय आता पंचावन्न. रिव्हॉल्वर त्याचं स्वतःचं, परवान्याचं. त्याच्याच जोरावर रेवणप्पांनी त्याला गाडीत शेजारी बसायला ठेवलं होतं.

रेवणप्पा गाडीला टेकून बघत होते. तुरीच्या व्यापारात उभी हयात घालवलेला माणूस. दोन हजार पाच साली बीदरभोवतीच्या जमिनींना सोन्याचं मोल आलं, तसे तेही मैलूरच्या पलीकडची शेतं घेऊन प्लॉट पाडायला लागले. त्यातल्या एका शेतावर उद्धवरावांनी हक्क सांगितला. कोर्टात दावा चालू असतानाच एकदा त्यांच्या माणसांनी रेवणप्पांच्या गाडीच्या काचेवर तलवार घातली होती. तेव्हापासून बिराप्पा.

"बिराप्पा, पेपर हात लांब करून वाचायलास तू. मागंच बघितलोय मी."

"ऊन डोळ्यावर आलं, अप्पा."

"ऊन त्या उद्धवरावच्या माणसांवर बी पडतंय, त्यांचा हात चुकत न्हाई." रेवणप्पांचा आवाज चढला नाही. "महिनाभर देतो. जमलं तर बरं. न्हाई तर तू गेटवर बस, गाडीत दुसरा येईल."

गेट हा शब्द बिराप्पाच्या काळजात रुतला. फौजेतून आल्यावर हैदराबादला एका गोदामाच्या गेटवर त्यानं पाच वर्षं काढली होती. येणारेजाणारे त्याच्या अंगावर गाडीची किल्ली फेकायचे. पाच वर्षांत कुणी नाव विचारलं नव्हतं. घरी नागूबाईला त्यानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गेटवर बसल्यानं काय भाकर कडू लागती का? डोळे गेले म्हणून सांगून टाका की." तो उठून गेला.

दुखणं काय होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नेम धरायचा म्हणजे तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या: हाताजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी, आणि समोरचं निशाण. डोळ्याला एका वेळी एकच नीट दिसतं; पण जवानीत नजर तिन्हींवरून अशी झपकन फिरते, की माणसाला ते कळतही नाही. आता लांबचा चष्मा घातला की झाकणावरची अक्षरं दिसायची आणि माशी मात्र पाण्यात टाकलेल्या गुळासारखी विरघळून जायची. कधी एकीच्या दोन व्हायच्या. डाव्या डोळ्यात तर मोतीबिंदूच धरत होता.

पहिल्यांदा तो गुलबर्ग्याला गेला. तिथं ख्वाजामिया नावाचा म्हातारा बंदुका दुरुस्त करायचा. त्यानं रिव्हॉल्वर उजेडात फिरवून पाहिलं आणि पुढ्यात चार प्रकार मांडले. पितळेचा मणी बसवलेली माशी, पांढऱ्या रंगाची, तांबड्या रंगाची, आणि एक नुसतीच जाड.

"जाडी बसवा," बिराप्पा म्हणाला.

"नक्को हवालदारसाब. मोटी माशी दिखती अच्छी, पन दूर का आदमी उसके पीछे पूरा ढंक जाता. किसकू मारे, वोच नै समजता."

शेवटी मागची खाच कानशीनं जरा रुंद केली आणि माशीला तांबडा रंग दिला. त्यानं थोडा फरक पडला. पण रंगीत झाली तरी माशी धुरकटच राहिली. काळ्या धुराच्या जागी तांबडा धूर, इतकंच. चष्म्याच्या काचेवर काळी पट्टी चिकटवून तिला सुईनं भोक पाडायची युक्तीही त्यानं करून पाहिली. त्या भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी दिसायचं, पण भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखा अंधार यायचा.

वाट दाखवली ती नागनाथनं.

नागनाथ औरादकडचा. रेवणप्पांच्या प्लॉटांची मोजणी तोच करायचा. पंचेचाळिशीचा, बोलघेवडा, दोन मुलींचा बाप. दुपारचा डबा दोघं एकाच लिंबाखाली खायचे आणि जेवण झालं की नागनाथ बिराप्पाला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. तू स्वतः का वाचत नाहीस, हे नागनाथनं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी बिराप्पानं आपणहून सगळं सांगितलं.

नागनाथनं त्याला मोजणीच्या दुर्बिणीपाशी नेलं. "डोळा लाव, अण्णा. आत उभीआडवी तार दिसायली का? आमच्या कामात आधी तार साफ करून घ्यायची, मग लांबची पट्टी. तारच अंधुक असली तर समदी मोजणी खोटी. तुझं बी तसंच हाय. माशी साफ कर. निशाण थोडं अंधुक राहिलं तर राहू दे."

"फौजेत उस्ताद बी ह्येच सांगायचा."

"मग कामून रडायलास?"

दुसऱ्या दिवशी नागनाथच त्याला बीदरच्या चष्मेवाल्याकडे घेऊन गेला. बिराप्पानं हात ताठ करून मूठ धरली, नागनाथनं डोळ्यापासून मुठीच्या पुढपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं, आणि चष्मेवाल्यानं त्या अंतराचा नंबर उजव्या काचेला काढला. दुकानात बसल्याबसल्या बोटाच्या नखावरची रेघ दिसली तेव्हा बिराप्पाला हसू आलं.

चष्मेवाला म्हणाला, "काका, हा फक्त नेमापुरता. ह्यो घालून हिंडू नका. रस्त्यापलीकडच्या माणसाचं तोंड ओळखू यायचं न्हाई."

"माणूस वळखायचं काम मालकाचं," बिराप्पा म्हणाला. "माझं काम नेमाचं."

नागनाथ हसला. चष्मेवाला हसला नाही.

महिन्याच्या शेवटी खाणीत पुन्हा झाकण उभं राहिलं. तांबडी माशी काचेवरच्या कुंकवासारखी लख्ख दिसत होती, मागं झाकण म्हणजे एक पांढरा डाग. सहापैकी पाच गोळ्या त्या डागात बसल्या. रेवणप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ठरल्याप्रमाणे दोन चष्मे ठेवायचे होते. लांबचा डोळ्यावर, नेमाचा खिशात. पण मार्चमध्ये उद्धवरावांचा दावा कोर्टानं फेटाळला आणि दोनच दिवसांनी रेवणप्पांच्या ऑफिसात कुणीतरी मेलेलं कुत्रं टाकलं. मोटरसायकलवरून तलवार यायला किती वेळ लागतो? खिशातून चष्मा काढून बदलायला किती? बिराप्पानं घरी आरशापुढं चार वेळा करून पाहिलं. मग लांबचा चष्मा त्यानं कपाटात ठेवला आणि नेमाचाच दिवसभर डोळ्यावर वागवायला लागला. जग सगळं डागडाग दिसायचं. माणसं तो आवाजावरून ओळखायचा. हे त्यानं मालकाला सांगितलं नाही, नागनाथलाही नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी रेवणप्पा नव्या प्लॉटांकडे निघाले. गाडी मडिवाळप्पा चालवत होता. कच्च्या रस्त्याला वळताच समोरून एक माणूस धावत येताना दिसला. हातात लांब काहीतरी, उगारलेलं. तोंडानं ओरडत होता, पण काचा बंद होत्या. मडिवाळप्पानं करकचून ब्रेक दाबला.

"आले," रेवणप्पा सीटखाली वाकत म्हणाले. "बिराप्पा, मार."

बिराप्पा दार उघडून उतरला, दोन्ही हात ताठ केले. तांबडी माशी खाचेच्या बरोबर मध्ये आली. मागं पळता डाग, वीस-बावीस पावलांवर. दार उघडल्यामुळं आता शब्द ऐकू आले, "अण्णा, गाडी माघारी घ्या", आणि आवाज ओळखीचा वाटेपर्यंत बोट दाबलं गेलं होतं. मडिवाळप्पाचं "नागनाथ हाय त्यो" गोळीच्या आवाजात बुडालं.

हातात होती ती मोजणीची, तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांची काठी. उद्धवरावांची माणसं हद्दीचे दगड उपटत पुढं येत होती आणि नागनाथ मालकाला परतवायला धावत सुटला होता. काठी हलवून तो थांबा म्हणत होता. गोळी छातीच्या मधोमध लागली होती. बिराप्पा जवळ जाऊन गुडघ्यावर बसला, तेव्हा हाताच्या अंतरावर त्याला नागनाथचं तोंड अगदी साफ दिसलं. बीदरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत नागनाथ गेला.

संध्याकाळी ठाण्याबाहेर रेवणप्पांनी त्याला बाजूला घेतलं. वकील सोबत होता. "काठी घेऊन अंगावर आला, धुळीत वळखू आला न्हाई, एवढंच सांग. मडिवाळप्पा बी तेच सांगणार हाय. तुला काही होऊ देत न्हाई मी."

बिराप्पा आत गेला. फौजदारानं विचारलं, "धूळ होती?"

"न्हाई, साहेब."

"मग ओळखलं कसं नाही?"

त्यानं डोळ्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ह्याच्यातून माणूस दिसत न्हाई, साहेब. मला ठाव होतं. ठाव असून घातलो."

वकिलानं त्याच दिवशी अंग काढून घेतलं. परवाना गेला, रिव्हॉल्वर जमा झालं. खटला चार वर्षं रेंगाळला आणि निष्काळजीपणानं जीव घेतल्याबद्दल दोन वर्षांची सजा लागली. रेवणप्पांचे प्लॉट तोवर विकून झाले होते. गुलबर्ग्याच्या तुरुंगात डोळ्यांचं शिबिर भरलं, तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू फुकट काढून दिला गेला. पट्टी सुटल्यावर पलीकडच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसायला लागली. शेजारचा कैदी म्हणाला, नशीबवान हायेस.

सुटल्यावर आठवड्याभरात तो औरादच्या बसमध्ये बसला. जाऊ नका, असं नागूबाई दोनदा म्हणाली.

नागनाथची बायको लक्ष्मम्मा दारात तूर पाखडत होती. त्यानं लांबूनच तिला ओळखलं, तिनंही ओळखलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. ती तूर पाखडतच राहिली.

मग तिनं विचारलं, "तुमच्याकडं पळत येताना त्ये काय म्हणायलते? कोर्टात कुणी सांगितलं न्हाई."

"अण्णा, गाडी माघारी घ्या म्हणले."

"अण्णा म्हणजे तुमी."

"व्हय."

तिचे हात थांबले. आतून थोरल्या मुलीनं कोण आलंय म्हणून विचारलं. लक्ष्मम्मा म्हणाली, "कुणी न्हाई. वाट चुकल्यालं माणूस हाय." आणि त्याच्याकडं न बघता हळू आवाजात पुढं म्हणाली, "पाचची गाडी हाय बीदरला. पोरगी बाहेर यायच्या आत उठा."

बिराप्पा उठला. स्टँडवर पाचची गाडी उभीच होती.