दुसऱ्या दिवशीची शिट्टी

अहो, पेंटरबाई चक्क शिट्टी वाजवत होती! तीही पाळीच्या दुसऱ्या दिवशी, शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवायला लावलेल्या शिडीवर चढून.

एरवी या दिवशी ती गुडघे पोटाशी घेऊन न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली असायची. गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेरही वाढतं, त्याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात, हे कळायलाच कितीतरी वर्षं गेली. तोवर जो तो अक्कल पाजळायचा. सख्खी आईसुद्धा म्हणायची, “आम्हाला काय पाळ्या आल्या नाहीत? तू नुसता पराचा कावळा करतेस.”

आता नव्या औषधाच्या चाचणीत तिनं नाव दिलं होतं. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं.

आणि आज सकाळपासून पोट अगदी गप्प! तिला नाचावंसं वाटत होतं, पण शिडीवर नाचणार कसं? एकच पाल मनात चुकचुकत होती. आपली गोळी पोकळ निघाली तर? मग सगळे म्हणणार, बघा, मनाचेच खेळ होते! ते काही तिला सोसलं नसतं.

“अगं ए! आधी खाली उतर!”

खाली आई उभी, धापा टाकत. हातात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. लेक घरात सापडली नाही म्हणून शोधत इथवर आली होती.

“दुखत नाहीये मला!”

“थापा मारू नकोस.”

“तुझ्या गळ्याची शपथ!” म्हणत पेंटरबाई सरसर खाली आली, रंगाचा भरलेला डबा उचलला आणि तश्शीच वर गेली. वर जाऊन पुन्हा शिट्टी.

आई बघतच राहिली. “मग तुझी गोळी खरी गं?”

“चाचणी संपल्यावर कळेल. पोकळ निघाली, की म्हण खुशाल, नाटकं होती म्हणून.”

आई पिशवी पोटाशी धरून शाळेच्या पायरीवर बसली.

“गोळीचं मरू दे,” ती म्हणाली. “दुखत नसलं की तू या दिवशी अशी असतेस होय? अगं, मग इतकी वर्षं केवढं दुखत होतं तुला!”

पेंटरबाईचा ब्रश जागच्या जागी थांबला. समोरचं अक्षर तिला दिसेना.

“खूप गं आई,” ती म्हणाली, आणि शिडी उतरू लागली.