लेओन्तीनबाईंचे थांबलेले घड्याळ

मी एक जुने घड्याळ आहे, मित्रांनो. माणसाहून उंच, पोटात दाराआड लंबक असलेले. ज्यूराच्या डोंगरातल्या कारागिरांनी माझी चाके घडवली. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या लेओन्तीनबाईंच्या स्वयंपाकघरात मी त्रेपन्न वर्षे चालले. माझे ठोके ऐकून त्या सूप चुलीवर ठेवत.

आमच्याकडे घरात माणूस गेले की घड्याळ थांबवतात. दफन करून आल्यावर घरच्याच माणसाने ते सुरू करायचे असते. तोवर गेलेला जीव घड्याळातच थांबतो, पुढे जात नाही. बाई गेल्या तेव्हा त्यांच्या मुलीने, ओदीलने, माझा लंबक हाताने धरला. दफनानंतर तिला वाटले, भावाने सुरू केले असेल. भावाला वाटले, तिने. आठवड्याने भावाने घर रिकामे करून विकले. मी निघाले, आणि माझ्या बंद दाराआड बाईही निघाल्या.

माळ्यावरचे सामान गावकरी रस्त्यावर मांडतात, त्या बाजारात मी प्रथम विकले गेले. मग लोकांच्या वस्तू ठेवून घेऊन विकणाऱ्या एका दुकानात दोन वर्षे उभे होते. शेवटी पॅरिसच्या वेशीवरचा जुना बाजार. गिऱ्हाइके दार उघडून डोकावत आणि घाईने लावत.

"आत कुणीतरी श्वास घेतंय," एक बाई म्हणाली.

"कीड असेल, मॅडम. तिचे वेगळे पैसे घेत नाही!" व्यापारी गास्पार हसला. पण लंबकाला त्यानेही कधी हात लावला नाही.

एकाने मला पसंत केले. यंत्र काढून आत दारूच्या बाटल्या ठेवायच्या होत्या त्याला. सोमवारी नेणार होता. रविवारी ओदील आली. मला कुणीच सुरू केले नव्हते हे कळल्यापासून तीन वर्षे ती दर रविवारी बाजार पालथे घालत होती.

"विकलं गेलंय, बाई. दुसरं दाखवू?"

"विकत नकोच. माझ्या खोलीचं छत याच्याहून बुटकं आहे. फक्त सुरू करायचंय."

"घरातून निघालं तेव्हा काय झोपल्या होतात?"

"भावाच्या भरवशावर होते."

गास्पारने टोपी काढली आणि किल्ली दिली.

तिने वजने वर चढवली, लंबक ढकलला. मग दार उघडे ठेवून, वाट द्यावी तशी बाजूला सरली.

"जा, आई. उशीर झाला. रागावू नकोस."

वारा नव्हता, तरी तिच्या स्कर्टची कड हलली.

उद्या माझी चाके निघतील. आज मी चालते आहे. पोटात कुणीच नाही, आणि ठोका इतका पोकळ मला कधी वाटला नव्हता. मित्रांनो, जुन्या वस्तू खुशाल विका. पण त्यांच्यापाशी राहिलेले काम दुसऱ्याने केले असेल, असे धरून चालू नका. दारापाशी जाऊन एकदा स्वतः ऐका.