परक्या बाईची दगडी खोली

मित्रांनो, मी एक फार जुनी दगडी खोली आहे. मला दार नाही, खिडकी नाही. चार उभ्या शिळा आणि वर एक झाकण, एवढाच माझा संसार. कझाकांच्या गवताळ माळावर, मातीच्या उंचवट्याखाली मी साडेतीन हजार वर्षं बसून आहे.

माझ्या शिळा भर हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून ओढत आणल्या. माणसांचे हात सोलवटले. एवढा खटाटोप कुणासाठी, तर एका बाईसाठी आणि तिच्या कुशीतल्या तान्ह्या बाळासाठी. मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसं एवढे दगड उचलतात, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे ती माणसं गेली, त्यांची भाषाही गेली. माझ्यावर मेंढ्या चरू लागल्या.

कलामकास नावाची मुलगी इथल्या मेंढपाळाच्या घरी सून होऊन आली, तेव्हा सासूने उंचवटा दाखवून सांगितलं, हा आपला सातवा पूर्वज. इथे सात पिढ्यांची नावं तोंडपाठ लागतात, आणि सातव्याची कबर कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग मीच ती ठरले. तेव्हापासून दर शुक्रवारी ती सात पातळ पोळ्या तळायची. तळणाचा वास मृतांपर्यंत पोचतो, असं इथे मानतात. मग माझ्यापाशी बसून दुआ मागायची. अशी चाळीस वर्षं गेली. आत भलतंच कोणी आहे हे मला सांगता येईना, याची फार लाज वाटे.

गेल्या उन्हाळ्यात एका घोड्याचा पाय खचला आणि माझी कड उघडी पडली. शहरातून दाना नावाची संशोधक आली. झाकण उचललं, तसे सगळे आत डोकावले. आईचं बोट अजून बाळाच्या गालापाशी होतं.

हे तुमचे पूर्वज नव्हेत, असं दानाने चाचरत सांगितलं. कलामकासचा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, चाळीस वर्षं परकीला खाऊ घातलंस की."

हाडं शहरात जायची होती. मी रिकामी होणार, आणि आता ही म्हातारीही येणार नाही, या धास्तीने मी खचले.

पण शुक्रवारी ती आली. दानाला म्हणाली, "पोरी, हिचं नाव काय?"

"आजी, ते आता कुणालाच कळणार नाही."

"आणि हिची माणसं?"

"कुणी उरलं नाही."

कलामकास माझ्या कडेशी बसली. "चाळीस वर्षं आमच्या घरचं जेवली. मग माणसं नाहीत कशी? तुझं तपासून झालं की आणून सोड तिला. लेकुरवाळी आहे."

दानाने कबूल केलं आणि ती शब्दाला जागली. या वसंतात दोघं परत आली. बाळाला कुशीत ठेवताना म्हातारीने दानाला दोनदा टोकलं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना खुशाल उघडा, मोजा, अभ्यासा. पण आत कुणाची तरी आई झोपली आहे, एवढं ध्यानात ठेवा आणि झाकण परत लावा.