धाकट्याच्या पायाचं माप

दादाला फसवील असा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे, असं दादाचं स्वतःबद्दलचं मत होतं. तो एका कारखान्याच्या खरेदी विभागात मोठ्या हुद्द्यावर होता. खिळा घ्यायचा असो की क्रेन, आधी तिघांकडून भाव मागवायचे, मग तिघांनाही नावं ठेवायची आणि शेवटी चौथ्याकडून घ्यायचं, अशी त्याची रीत. घरीही तेच. कुकरची रिंग गेली की नवी येईपर्यंत त्याची बायको पंधरा-पंधरा दिवस पातेल्यात शिजवत बसे. तिला घरातला धाकटा वहिनी म्हणायचा, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

हा धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ. आई-वडील लवकर गेले तेव्हा तो शाळेत होता आणि दादा नुकता नोकरीला लागला होता. दादाने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, यात खोट काढायला जागा नाही. त्याची शाळा दादाने निवडली, कॉलेज दादाने निवडलं, चष्म्याची काडीसुद्धा दादाने निवडली. फक्त उंची तेवढी निवडता आली नाही. दादा दारातून येताना वाकून यायचा आणि धाकटा त्याच्या खांद्याला जेमतेम लागायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या घरात अंथरूण दादा आणत असे आणि पाय धाकट्याने पसरायचे असत.

बऱ्याच खटपटीनंतर धाकट्याला औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि पाळी सुरू व्हायची पहिली बस निघायच्याही आधी. तो भल्या पहाटे उठून पायी जायचा. तरी उशीर झालाच. साहेबांनी बोलावून सांगितलं, "सोमवारपासून एकदा जरी उशीर झाला, तर परत येण्याची तसदी घेऊ नका." नोकरी अजून कच्ची होती. साहेब बोलल्याप्रमाणे करणाऱ्यांतले होते.

रात्री जेवताना धाकटा म्हणाला, "दादा, एखादी साधी सायकल बघू का? जुनीपानी चालेल."

दादाने घास खाली ठेवला. "बघू का म्हणजे? मी मेलोय का?"

तिथे सायकल धाकट्याच्या हातातून गेली.

दादा मग पुढचे दिवस जेवताना, झोपताना, दाढी करताना सायकलच वाचत होता. गिअरवाल्या सायकली त्याने पहिल्याच फटक्यात बाद केल्या. त्यात पैसे जास्त आणि बिघडायला जागा जास्त. शहरातले रस्ते सपाट, तिथे एकच गिअर पुरे. हलकी, स्वस्त आणि कटकट नाही. त्यातही एक जात अशी निघाली, की तिचं पॅडल चाकाशी घट्ट जोडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत, मध्ये आरामबिराम नाही. हे वाचून दादाचा जीव त्या सायकलीवर जडला.

"ही खरी शिस्त," तो वहिनीला म्हणाला. "आणि गंमत ऐक. मागच्या चाकाला दोन्हीकडून दाते असतात. एका बाजूने लावलं तर पाय थांबवता येतात, उलटं करून लावलं तर नाही. एका पैशात दोन सायकली!"

"भावजींना कुठली हवीय?" वहिनीने विचारलं.

"त्याला काय कळतंय त्यातलं?"

मापाचंही त्याने सगळं वाचलं. ऑफिसात भेटेल त्याला धरून तो सांगायचा, "रंग, टायर, सीट, सगळं मागाहून बदलता येतं. फ्रेम चुकली की संपलं. माणसाला अनवाणी भिंतीला उभं करायचं, जाड पुस्तक दोन पायांमध्ये वरपर्यंत लावायचं आणि तिथून जमिनीपर्यंत टेप धरायची. त्यावर फ्रेम ठरते. लोक नुसत्या अंदाजाने घेतात आणि जन्मभर कंबर धरून बसतात." हे अगदी खरं होतं. तो इतकं पटवून सांगे की समोरच्या दोघा-तिघांनी आपापल्या घरी जाऊन स्वतःची मापं घेतली.

आता धाकट्याचं तेवढं घ्यायचं राहिलं. पण दादा उठायच्या आत तो निघालेला असे, आणि दादा आला की तो पेंगत असे. त्याला उठवून भिंतीशी उभं करणं दादाच्या जिवावर आलं. माया होतीच. शिवाय त्याहून सोपा उपाय गॅलरीतल्या दोरीवर वाळत होता. धाकट्याची पँट. दादाने टेप लावली, आतल्या शिवणीने खालपर्यंत नेली, आकडा वाचला आणि त्याला मनापासून आनंद झाला.

"अगं, हा तर माझ्याएवढाच निघाला! रक्त शेवटी एकच ना."

आता ती पँट मुळात कुणाची होती, ते वाचकांना सांगायला हवंच असं नाही, पण सांगून टाकतो. ती दादाची होती. धाकट्याच्या सगळ्याच पँटी पूर्वाश्रमीच्या दादाच्या होत्या. दादा कापड चांगलं घ्यायचा आणि चांगलं कापड टाकवत नाही. धाकटा रोज सकाळी ती खालून दुमडायचा आणि धुवायला टाकताना दुमड सोडायचा, नाहीतर आत माती राहते. वाळताना ती पुरी लांब होऊन दिमाखात लोंबत असे.

सायकलवाला गिऱ्हाईक बघून बोलणारा होता. त्याने आधीच सुचवलं, "ज्यांना चालवायचीय त्यांना आणलं असतंत तर बरं झालं असतं."

"माप आणलंय," दादा म्हणाला.

"माप ठीक आहे हो, पण माणूस?"

"अहो, मी त्याला लहानाचा मोठा केलाय."

सायकलवाल्याने मापाला जुळणारी सायकल काढली. काळी, सडपातळ, देखणी. दादाने दुकानासमोर स्वतः एक फेरी मारली. अगदी अंगासरशी बसली! गुडघा आपटेना, पाठ दुखेना. एवढा पुरावा मिळाल्यावर तो का थांबेल? घासाघीस करून त्याने घंटी फुकट मिळवली, मागचं चाक शिस्तीच्या बाजूने लावून घेतलं आणि बिल दिलं. चार दिवसांत नको असली तर बदलून देऊ, असं सायकलवाला दोनदा म्हणाला. दादाला ते वावगं वाटलं.

रविवारी संध्याकाळी सायकल घरात आली. धाकटा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. सीट त्याच्या बरगड्यांपाशी येत होती.

"कशी आहे?" दादाचा चेहरा उजळला होता.

धाकट्याने सायकलकडे पाहिलं, दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "छान आहे दादा."

"बसून बघ ना."

"सकाळी बसतोच आहे."

सोमवारी दादा मुद्दाम लवकर उठला. आपली खरेदी रस्त्यावरून जाताना बघायचं सुख कोण सोडेल? तो गॅलरीत चहा घेऊन उभा राहिला. खाली धाकटा आला, दुमडलेल्या पँटीत, पाठीवर डब्याची पिशवी घेऊन. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग सीटवर बसायच्या भानगडीत न पडता त्याने उजवा पाय दांड्याखालून, फ्रेमच्या त्रिकोणातून पलीकडे घातला. शाळेतली पोरं बापाची सायकल पळवताना घालतात तसा. सायकल एका अंगाला कलली, धाकटा दुसऱ्या अंगाला कलला आणि स्वारी निघाली. पॅडल थांबत नव्हतं म्हणून धाकट्यालाही थांबता येत नव्हतं. त्याचं डोकं हँडलच्या बाजूने खालीवर होत होतं.

शेजारच्या गॅलरीत एक पेन्शनर आजोबा कसरत करत होते. चष्मा आत होता. ते कौतुकाने म्हणाले, "जमवलंन हो पोराने! पण कुणाचं आहे? एवढ्याशा पोराला एवढी मोठी सायकल द्यावी का घरच्यांनी?"

दादाच्या हातातला कप तसाच राहिला. "तो... माझा भाऊ आहे."

"अच्छा," आजोबा म्हणाले आणि हात फिरवायला लागले.

दादा आत आला. वहिनी ओट्याशी होती. "मी माप घेतलं होतं," तो म्हणाला. "नीट घेतलं होतं. पँटीवरून."

"कुणाच्या पँटीवरून?"

"त्याच्या."

वहिनीने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "त्यांच्याकडे त्यांची एक तरी पँट आहे का?"

दादा खुर्चीवर बसला. त्या दिवशी कारखान्यात त्याने एकही भाव पाडला नाही. एका पुरवठादाराने घाबरून आपणहून सूट दिली. साहेब उशिरा आलेल्या माणसाला काय म्हणतात आणि तो माणूस मान खाली घालून कसा बाहेर येतो, हेच दादाच्या डोळ्यांसमोर येत होतं. नोकरी गेली तर ती आपण घालवली, हे त्याला स्पष्ट दिसत होतं आणि त्यात चौथ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती.

संध्याकाळी धाकटा सायकल हाताने ढकलत घरी आला. कोपर खरचटलं होतं.

"पोचलास वेळेवर?" दादाने दारातच विचारलं.

"वेळेआधीच. थांबताच येत नव्हतं ना." धाकटा हसला. मग त्याने हळूच पाय पुढे केला. पोटरीवर कापड फाटलं होतं आणि साखळीचं काळं लागलं होतं. "सॉरी दादा. चांगली होती रे तुझी पँट."

काहीतरी बोलावं असं दादाला वाटलं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "चप्पल काढ. भिंतीशी उभा राहा."

"कशाला? जमतंय मला. दोन दिवसांत सवय होईल."

"उभा राहा म्हटलं ना."

धाकटा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दादाने कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक आणलं आणि त्याच्याकडे दिलं. धाकट्याने ते सांगितल्याप्रमाणे दोन पायांमध्ये वरपर्यंत धरलं. दादा टेप घेऊन गुडघ्यांवर बसला. एवढ्या वर्षांत तो धाकट्यापेक्षा खाली कधी आला नव्हता. त्याने टेप पुस्तकाला लावली, सरळ खाली सोडली आणि आकडा बघितला. माप वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त भरलं. तरी ते दोरीवरच्या मापाला पोचेना. दादाने पुन्हा खाली पाहिलं.

धाकटा चवड्यांवर उभा होता. पोटऱ्या थरथरत होत्या, तरी तो जितकं उचलता येईल तितकं स्वतःला उचलून धरत होता. दादाची खरेदी अगदीच चुकली असं दिसू नये म्हणून.

"टाचा टेकव," दादा म्हणाला. मग वर बघून त्याने परत म्हटलं, "टाचा टेकव रे बाळा."

धाकट्याने टाचा टेकवल्या. टेपवरचा आकडा भराभर खाली आला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. दादाने तो मोठ्याने वाचला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"उद्या तू रिक्षाने जा," दादा म्हणाला. "संध्याकाळी आपण दोघं दुकानात जाऊ. तो बदलून देणार आहे."

"दोघं?"

"तू बसून बघायची. मी बाहेर उभा राहीन."

धाकट्याने पुस्तक खाली ठेवलं. तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "दादा, बदलतोच आहोत तर... पाय थांबवता येतील अशी घेऊ या? आणि मला काळा रंग आवडत नाही."

दादा टेप गुंडाळत होता. तो थांबला. काळी पँट, काळे बूट, काळी छत्री, आपण धाकट्याला दिलेलं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मग कुठला हवा?" त्याने विचारलं.

धाकटा विचार करायला लागला. बराच वेळ तो टाचा टेकवून भिंतीशी तसाच उभा राहिला, आणि दादा खाली बसून वाट बघत राहिला.