झऱ्याजवळचा हद्दीचा दगड

मित्रांनो, अमेरिकेतल्या नेवाडाच्या कोरड्या माळावर निम्मा मातीत, निम्मा उन्हात उभा असलेला मी एक जुना हद्दीचा दगड. सरकारी मोजणीदाराने छिन्नीने माझ्या दोन्ही अंगांवर खुणा कोरल्या आणि मला इथे रोवले. पश्चिमेला सरकारची जमीन. पूर्वेला झरा आणि एचार्ट कुटुंबाचे मेंढ्यांचे कुरण.

एचार्टांची सून ग्रासियाना दुपारी मला टेकून बसायची, पाव आणि मेंढीचे चीज खायची, तिच्या मायबोलीत, बास्क भाषेत, माझ्याशी गप्पा मारायची. ते माझे सुखाचे दिवस. पुढे एका वर्षी पाण्याचा लोंढा आला, मी गाळाखाली गाडला गेलो आणि लोक मला विसरले. वरचे बोलणे मात्र मला ऐकू यायचे.

मग दुसरे महायुद्ध आले. विमानांना बाँब टाकण्याच्या सरावासाठी सरकारला माळ हवा होता. प्रुइट नावाचा तरुण अधिकारी नकाशा घेऊन आला. ग्रासियाना तेव्हा साठीची विधवा होती.

"एचार्टबाई, झरासुद्धा सरकारी हद्दीत येतोय. महिन्याभरात मेंढरं हलवा."

"नकाशा ऑफिसात बसून काढलात ना, साहेब? माझी मेंढरं ऑफिसात चरत नाहीत."

"मग तुमची हद्द दाखवा."

"दाखवते. इथं दगड आहे. तुमच्याच माणसानं रोवलाय."

ती कोर्टात गेली. न्यायाधीश स्वतः जागा पाहायला येणार होते, त्याआधी मी सापडायला हवा होता. ग्रासियाना आणि तिची नणंद मायी फावडी घेऊन खणू लागल्या.

"वहिनी, हाताला फोड आले गं. वाहून गेला असेल तो."

"तो कसला जातोय! माझ्यासारखाच आहे, जाडा आणि हट्टी."

पाचव्या दिवशी फावडे माझ्या डोक्यावर खणकन आपटले. ग्रासियानाने गुडघे टेकले, ॲप्रनने माझे तोंड पुसले आणि ती ढसाढसा रडली.

न्यायाधीशांनी वाकून माझ्या खुणा बोटांनी चाचपल्या. मग ते प्रुइटला म्हणाले, "सरकारला लोकांची जमीन घेता येते. पण संविधानानं त्यालाही वेसण घातलीय. काम सार्वजनिक हवं आणि मोबदला रास्त हवा. नुसती रेघ पुढं ओढून जमीन सरकारची होत नाही."

झरा वाचला. पण माझी दुसरी, पश्चिमेकडची खूणही तितकीच खरी होती. ग्रासियानाचा मेंढवाडा सरकारी बाजूला गेलेला निघाला. कुणी काही बोलायच्या आत तिने कुंपणाचा पहिला खांब उपटायला घेतला.

"अहो, राहू द्या," प्रुइट ओशाळून म्हणाला. "एवढ्याशा वाड्याकडे कोण बघतंय?"

"दगड बघतोय ना! या, दुसरं टोक धरा."

प्रुइटने कोट काढून ठेवला आणि दुसरे टोक धरले. संध्याकाळपर्यंत दोघे घामाघूम झाले होते आणि कशावरून तरी खदखदून हसत होते.

ग्रासियाना आता नाही. हल्ली जमीन उपग्रहांवरून मोजतात. माझ्याकडे कुणी फिरकत नाही. गाई तेवढ्या अंग खाजवायला येतात. माझी तक्रार नाही. मित्रांनो, एकच मागणे आहे. हद्दीचा दगड दिसला तर तो हलवू नका; गाळात रुतला असेल तर मोकळा करा. तो ना सरकारचा असतो, ना तुमचा. म्हणून तर तो दोघांच्याही कामी येतो.