एक लांब, तीन आखूड

शनिवारी दुपारी एक वाजता मी कंप्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि सव्वा वाजता चांगला चालता कंप्युटर बंद पाडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बटण दाबलं की आतले पंखे गरगरायचे, एक लांब शिटी वाजायची, मग तीन आखूड, आणि स्क्रीन काळी ती काळीच. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तेच.

चारच्या आत तो चालू व्हायलाच हवा होता, कारण चारला मला माझी लेक भेटते.

भेटते म्हणजे खेळात. आठ वर्षांपूर्वी तिची आई तिला घेऊन वेगळी झाली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मला ‘अरे बाबा’ म्हणायची. पुढे कधीतरी ‘अहो बाबा’ सुरू झालं. नेमकं कधी, ते माझ्या लक्षात आलं नाही. आता ती दुसऱ्या शहरात हॉस्टेलवर असते. फोनवर आमचं बोलणं दोन मिनिटांत आटपतं. जेवलीस का, हो, अभ्यास, चाललाय, बरं ठेवू? पण तीन वर्षांपूर्वी तिने मला हा खेळ शिकवला. त्यात एक मोठं जंगल आहे, आपण लाकडं तोडायची, झोपडी बांधायची, लांडगे आले की पळायचं. पळता पळता ती बोलते. मैत्रिणीशी भांडण झालं, एका विषयात नापास होता होता वाचले, हे सगळं मला त्या जंगलात कळलं. खेळात तिने माझं नाव ‘गोगलगाय’ ठेवलंय. तक्रार नाही.

पंधरा दिवसांपूर्वी ती म्हणाली, “बाबा, खेळाचा नवा भाग येतोय, समुद्राचा. पण तुमच्या कंप्युटरवर नाही चालायचा तो. नवं कार्ड लागेल.” मी दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन कार्ड मागवलं. दुकानदार म्हणाला, या कार्डाला जास्त वीज लागते, आतला पॉवर सप्लायही बदला. तोही बदलून घेतला. कार्ड काल आलं, ते मात्र मी स्वतः बसवीन म्हटलं. चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त करतोय, चार स्क्रू पिळायला मला दुसऱ्याचे हात कशाला?

आता घोडं कुठे पेंड खातंय ते शोधत बसलो होतो. कार्ड काढलं, जुनं बसवलं, कंप्युटर सुरू. नवं घातलं, शिट्ट्या. कार्डाची जास्तीची वायर पाहिली, घट्ट होती. स्क्रीनची केबल पाहिली, बरोबर होती. कार्डाच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवलं, डोळ्याला भिंग लावून एकेक पट्टी तपासली. इतकं निगुतीचं काम मी गिऱ्हाइकाच्या लग्नातल्या घड्याळाचंही केलं नसेल. दुकानदाराला फोन लावला.

“काका, एक लांब, तीन आखूड म्हणजे त्याला कार्ड सापडतच नाहीये,” तो म्हणाला.

“अहो, त्याच्या पोटात घातलंय!”

“सोमवारी घेऊन या.”

सोमवारी समुद्र घेऊन मी काय करू, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

खोलीत माझ्याशिवाय कंप्युटरचे पंखे तेवढे जागे होते. तेही बंद केल्यावर इतकं शांत झालं की मीच मोठ्याने म्हणालो, “बरं, आता?” मग स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळलो. माझं घड्याळांचं दुकान आणि मघाचा फोन सोडला, तर सबंध आठवड्यात मी बोललेला तो पहिला शब्द असावा.

चार वाजून पाच मिनिटांनी तिचा निरोप आला. “आलात का?”

मी व्हिडिओ कॉल केला आणि काय काय केलं ते सांगितलं. ती म्हणाली, “आधी वायर काढा भिंतीतून. आता फोन आत धरा. अजून खाली. थांबा! ते कार्ड पुढून वर उचललेलं आहे.”

“कसं असेल? मी मागचा स्क्रू पिळलाय.”

“मागून पिळलाय, पण पुढून बसलंच नाहीये ते. स्क्रू काढा आणि दाबा.”

मी दाबलं.

“हे दाबणं नाही, बाबा. हे कुरवाळणं झालं.”

ती हसत होती, पण मला घाम फुटला होता. ज्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे मी शिकलो, त्यांनी पहिल्या दिवशी बोटांवर चिमट्याने मारून सांगितलं होतं, जोर लागतोय म्हणजे चुकतंय. चाळीस वर्षांत ही बोटं कशावरच जोरात पडली नव्हती. तिची आई जायला निघाली, तेव्हाही मी थांब म्हटलं नाही. बॅगा उचलून टॅक्सीपर्यंत नेऊन दिल्या. मला वाटलं, मी समजूतदारपणा करतोय.

“तुटेल गं.”

“नाही तुटत! अरे बाबा, दाब ना जोरात!”

मी डोळे मिटून दाबलं. खट् झालं. वायर लावली, बटण दाबलं. एकच छोटी शिटी वाजली आणि स्क्रीन उजळली.

आम्ही दोघंही ओरडलो. मग मी खेळ उघडला. नवा भाग उतरवायला पाच तास लागतील, असं स्क्रीनवर आलं.

“म्हणजे आज नाहीच जमणार,” ती म्हणाली.

घड्याळाची टिकटिक ऐकून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस मी. तिच्या आवाजात सुटका होती, ती मला ऐकू आली.

“तुला खेळायचं नाहीये का?” मी विचारलं.

“रागवू नका. वर्षभर झालं, मी फक्त शनिवारी उघडते तो, तुमच्यासाठी. तुम्ही इतक्या मनापासून झोपड्या बांधता. सरळ नको म्हणवेना, म्हणून म्हटलं, कार्ड लागेल. मला वाटलं, तुम्ही जाऊ दे म्हणाल आणि आपोआप बंद होईल.”

सुंठेवाचून खोकला गेला असता. खोकला म्हणजे मी.

माझ्याकडे एक सोपं उत्तर होतं. ‘मला फार आवडतो गं तो खेळ,’ एवढंच म्हणायचं. ती दर शनिवारी येत राहिली असती. कंटाळत, पण आली असती. ते उत्तर माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

“मला तो खेळ कधीच आवडला नाही,” मी म्हणालो. “लांडगे आले की मी डोळेच मिटून घेतो. तू बोलतेस, म्हणून मी येतो. खेळ बंद करू. पण फोन कर.”

“हो, करीन. बघते.”

“बघते नको. वार सांग.”

ती दचकली असावी. मीही दचकलो होतो.

“मंगळवार,” ती म्हणाली. “आठ वाजता. पण बाबा, बोलायचं काय?”

“मला नाही माहीत.”

“मलाही नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी दुरुस्तीच्या पावत्यांचं पुस्तक काढलं आणि एका कोऱ्या पावतीवर मंगळवारी तिला सांगायच्या गोष्टी लिहायला घेतल्या. पहिली ओळ लिहिली, ‘कार्ड बसलं.’ ते तर तिला माहीतच होतं. ती ओळ खोडली आणि दुसरी काय लिहावी याचा विचार करत दिवेलागणीपर्यंत तसाच बसून राहिलो.